वारशाने आलेल्या घराचं मूल्यांकन: कशासाठी, कोणाकडून, कोणत्या कागदांवर

आई-वडिलांच्या पश्चात घराची व्यवस्था लावायला घेतली की कोणीतरी सांगतंच, 'आधी व्हॅल्युएशन करून घ्या.' घाई करू नका. सोसायटीत किंवा प्रॉपर्टी कार्डावर वारसांची नावं लावायची असतील, तर मृत्यू दाखला, वारसांचे पुरावे आणि मालकीचे कागद यांवर काम होतं, किंमत लागत नाही. इस्टेट ड्युटी 1985 मध्येच रद्द झाली आणि वारशाने घर मिळालं म्हणून आयकरही लागत नाही.

किंमत काढावी लागते ती कोर्टासाठी किंवा दस्तासाठी, वाटणीसाठी आणि विक्रीनंतरच्या करासाठी. या तिन्हींचा आकडा एक नसतो. सगळा घोळ होतो तो इथेच.

प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता घेण्याच्या, अर्जाबरोबर मिळकतीच्या किमतीची यादी द्यावी लागते, कोर्ट फी त्यावर ठरते. हक्कसोडपत्रात बहीण मोबदला न घेता वडिलोपार्जित घरातला हिस्सा भावासाठी सोडत असेल तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. पैसे घेतले की ते हिश्श्याच्या बाजारमूल्यावर जातं. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर या सवलतीत बसतं का, हे दुय्यम निबंधकाकडे आधीच विचारा. दस्तासाठीचा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो, तेवढ्यासाठी व्हॅल्युअर नको.

वाटणीत मात्र रेडी रेकनर कामाचा नाही. घर एकाने ठेवून बाकीच्यांना पैसे द्यायचे, तर आजचा खरा बाजारभाव हवा. व्हॅल्युअर सगळ्यांच्या लेखी संमतीने एकच नेमावा. एकाने परस्पर आणलेल्या अहवालावर दुसऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि त्यात त्याचं चुकतं असंही नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, विवाहित-अविवाहित मुली यांच्याइतकाच मृताच्या हयात आईचाही हिस्सा असतो. आजीचं नाव हमखास राहून जातं.

विक्रीचा हिशेब जरा किचकट आहे. वारसाला घर फुकट मिळालं तरी करासाठी वडिलांची खरेदी किंमत धरतात. खरेदी 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल तर त्या तारखेची रास्त किंमत धरता येते, पण ती तेव्हाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे रेडी रेकनरच्या किमतीपेक्षा, जास्त नको. समजा, डोंबिवलीतला फ्लॅट 1988 मध्ये सव्वा लाखाला घेतला, 2001 ची किंमत सहा लाख निघाली. विक्रीच्या नफ्यावर साडेबारा टक्के दराने कर धरला तर या फरकावरचाच कर जवळजवळ साठ हजारांनी कमी होतो. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या मिळकतींना, भारतात निवासी असलेल्या व्यक्तीसाठी, महागाई निर्देशांकासह (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून) वीस टक्क्यांचा हिशेबही खुला आहे. सीएकडून दोन्ही करून घ्या. परदेशातल्या भावंडांना ही मुभा नाही.

2001 च्या किमतीच्या अहवालासाठी आयकर विभागाकडे स्थावर मालमत्तेसाठी नोंदणी असलेलाच व्हॅल्युअर हवा. बँकेच्या पॅनलवर आहे म्हणून तो चालेलच असं नाही. नोंदणी क्रमांक मागून घ्या.

कागद: खरेदीखत किंवा करारनामा, इंडेक्स-2 (दस्त नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मृत्यू दाखला. बंगला असेल तर प्रॉपर्टी कार्ड किंवा सात-बारा. 2001 ची किंमत हवी असल्यास त्या वर्षीच्या रेडी रेकनरच्या पानाची प्रत.

व्हॅल्युअर घरी येतो तेव्हा टेपने खोल्या मोजतो, छताची ओल, लिफ्ट, पार्किंग बघतो, फोटो काढतो. हॉलमध्ये घेतलेली बाल्कनी करारनाम्यातल्या चटईक्षेत्रात नसेल तर ती सहसा धरत नाहीत, त्यावर वाद घालू नये. फी मात्र आधी लेखी ठरवावी.

अहवाल हातात आला की मूल्यांकनाचा दिनांक, उद्देश आणि सही-शिक्का तपासा. करासाठीच्या अहवालात मूल्यांकनाचा दिनांक म्हणून 1 एप्रिल 2001 ऐवजी आजची तारीख आणि आजचाच भाव असेल, तर तो तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.