बालछळाचे दूरगामी परिणाम

मुलाला होणारी मारहाण, लैंगिक अत्याचार, सततचा पाणउतारा आणि खाणे, औषधपाणी, माया यांबाबतची हेळसांड या सगळ्याला मिळून बालछळ म्हणतात. अंगावरचे वळ चार दिवसांत जातात. शरीर, मन आणि वागणूक यांवरचे परिणाम मात्र अनेकदा ऐन तरुणपणी किंवा त्याहून पुढे वर येतात.

१९६२ साली अमेरिकेत हेन्री केम्प व सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांच्या लक्षणांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि हा विषय वैद्यकात आला. १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी सॅन दिएगोतील प्रौढांचा अभ्यास मांडला. त्यात घरातले व्यसन, आईला होणारी मारहाण असे अनुभवही मोजले होते. असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांत दारूचे व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला; हृदयविकाराशीही संबंध दिसला. भारत सरकारच्या २००७ च्या पाहणीत महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलले गेले. दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ला होता; घरात मार खाल्लेल्यांना तो बहुतांशी आई-बापांच्याच हातचा मिळाला होता.

सतत धास्तीत वाढणाऱ्या मुलाच्या शरीरात ताणाची यंत्रणा कायम जागी राहते. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे चक्र बिघडते, झोप उडते, साध्या बोलण्यातही धोका दिसू लागतो. पन्हाळा किंवा शाहूवाडीकडून एसटीने कोल्हापूरला दवाखान्यात आणलेला पंधरा वर्षांचा मुलगा पोटदुखी सांगतो. सोनोग्राफीत काही निघत नाही. डॉक्टर प्रश्न मुलाला विचारतात, उत्तर चुलते देतात, आणि मुलगा आधी त्यांच्या तोंडाकडे बघतो. पोटदुखी खरीच असते, पण गोळी बदलून ती थांबत नाही. अशा वेळी सोबतच्या नातेवाइकांना बाहेर बसवून मुलाशी एकट्याने बोलणे ही तपासणीतली मोठी पायरी. गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच राहून जाते.

मार खाल्लेले पोर पुढे गुन्हेगारच होणार, हा समज मात्र चुकीचा आहे. अमेरिकी संशोधक कॅथी विडम यांच्या १९८९ च्या अभ्यासात छळ वा हेळसांड झालेल्यांपैकी २६ टक्के मुलांवर अल्पवयात गुन्ह्याची नोंद झाली, इतरांत हे प्रमाण १७ टक्के होते. धोका वाढला हे खरे. तरी चौघांतले जवळपास तिघे त्या वाटेला गेले नाहीत. मारहाण नसलेल्या, नुसत्या हेळसांडीतून वाढलेल्या मुलांतही पुढे हिंसक वर्तन वाढलेले दिसले.

हेळसांड ओळखणे सर्वांत अवघड. गळीत हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांवर बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांबरोबर मुलेही येतात. पहाटे आई-बाप फडात जातात आणि आठ-दहा वर्षांची थोरली धाकट्याला कडेवर घेऊन कोपी (टोळीची तात्पुरती झोपडी) सांभाळते. याला आई-बापांनी केलेला छळ म्हणणे अन्यायाचे होईल. ती गरिबी आणि उचल (मजुरीपोटी आधीच घेतलेली रक्कम) यांची कोंडी आहे. पण शाळा सुटणे, एकटेपण, परक्यांपासूनचा धोका हे परिणाम मुलीच्याच वाट्याला येतात. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या त्या याचसाठी.

परिणाम सौम्य करणारी सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे मुलाच्या बाजूने टिकून राहणारे एखादे मोठे माणूस: आजी, शिक्षिका, तालमीतला वस्ताद. (वस्तादही हात उगारतो, ही गोष्ट कोल्हापूरकर कौतुकाने सांगतात, ते कौतुक अस्थानी आहे.) शाळेतील शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. २०१२ च्या पॉक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण) कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. घरची अब्रू हे कारण त्यात चालत नाही. मदतीसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. घरी ठेवणे धोक्याचे असेल तर मुलाला बालकल्याण समितीपुढे हजर केले जाते. समितीने त्याला थेट बालगृहात न धाडता आधी नातलग किंवा पालक कुटुंब (मुलाला सांभाळायला घेणारे दुसरे कुटुंब) शोधणे हिताचे. रोमानियातील बुखारेस्टच्या अभ्यासात संस्थेतून पालक कुटुंबात गेलेल्या बालकांची प्रगती चांगली झाली, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची.