रस्ता न फोडता पाइपाला नवे अस्तर

मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणले. या नहरींना जागोजाग तोंडे ठेवली होती. माणूस आत उतरून गाळ काढू शके. आताच्या गटारांनाही चेंबर असतात, पण रस्ता नवा केला की बरेचदा त्यांवरच डांबर चढते.

मराठवाड्यातल्या शहरांत रस्त्याखाली सर्रास दिसतो तो ह्यूम पाइप. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर ह्यूमने १९१०मध्ये साचा वेगाने फिरवून काँक्रीटचा पाइप घडवण्याची रीत काढली. भारतात १९२६मध्ये वालचंद हिराचंद यांनी त्यासाठी कंपनी उभी केली. पाइप दणकट, पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि सांधे हलतात. त्यात पावसाळी गटारात सांडपाणी सोडलेले. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, वरच्या ओलसर भागावर त्याचे गंधकाम्ल होते आणि पाइप छताकडून कुजतो. वरून जाणाऱ्याला काही कळत नाही. कळते ते रस्ता खचल्यावर.

यावरचा उपाय लंडनचा. १९७१मध्ये हॅकनी भागातल्या शंभर वर्षे जुन्या विटांच्या गटारात एरिक वूड या अभियंत्याने रेझिनमध्ये (कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेली नमद्याची, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड कापडाची, नळी घालून ती आतच कडक केली. पुढे ही नळी पाण्याच्या दाबाने, मोजा उलटा करावा तशी, आत सरकवू लागले. गरम पाणी, वाफ किंवा अतिनील किरणांनी ती घट्ट होऊन जुन्या पाइपाचे अस्तर बनते. घरांकडून येणाऱ्या जोडण्यांची तोंडे रोबोट आतून कापून मोकळी करतो. १९९०च्या दशकात मूळ पेटंटांची मुदत संपली आणि हे काम करणाऱ्या कंपन्या वाढल्या.

अस्तराने पाइपाचा व्यास थोडा घटतो, पण आतली बाजू गुळगुळीत झाल्याने प्रवाहाचे फारसे नुकसान होत नाही. मात्र मुळातच लहान घातलेला पाइप याने मोठा होत नाही, आणि खचलेल्या पाइपाचा बिघडलेला उतारही सरळ होत नाही. ढगफुटीत तुंबणाऱ्या चौकाला म्हणून याचा उपयोग नाही, कुणी कितीही सांगो.

आधी जेटिंगने, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने, गाळ काढून कॅमेरा फिरवावा लागतो. इथे खरी अडचण येते: पावसाळी गटार उन्हाळ्यात कोरडे हवे, पण आपल्याकडे ते बारा महिने वाहते. अस्तर घालेपर्यंत तेवढे सांडपाणी पंपाने दुसरीकडे वळवण्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा लागतो.