देशात की परदेशात: शिक्षणकर्जाच्या अर्जातल्या दोन चौकटींची पार्श्वभूमी

निकाल लागला की घराघरांत एका कागदाच्या दोन बाजूंवर दोन हिशेब मांडले जातात. एकीकडे इथलं कॉलेज, दुसरीकडे बाहेरचं विद्यापीठ. फी, राहणं-खाणं, विमान, कर्जाचा हप्ता, आणि शेवटी 'परवडेल का?'. हा कागद वाटतो तितका जुना नाही. मध्यमवर्गीय घरात दोन्ही बाजू एकत्र भरता येऊ लागल्या त्या साधारण २००१ नंतर. त्या काळात मी सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी बँकेच्या शाखेत कर्जाचं टेबल सांभाळत होतो, त्यामुळे पुढच्या मजकुरात त्या टेबलाचं वजन जरा जास्त पडेल.

संस्थानिकांच्या शिष्यवृत्त्या, मुंबईच्या एका उद्योगपतीने १८९२ साली काढलेला कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी, १९१३ साली बडोद्याच्या दरमहा साडेअकरा पौंडांवर न्यूयॉर्कला गेलेला भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. त्यातली एकच गोष्ट इथे कामाची आहे: पैसा अटींवर होता. बडोद्याच्या करारात परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी लिहिलेली होती. त्याच विद्यार्थ्याने १९२० साली पुन्हा लंडन गाठलं, तेव्हा प्राध्यापकीच्या पगारातली शिल्लक, कोल्हापूरच्या छत्रपतींची मदत आणि मित्राकडून उसने घेतलेले पैसे अशी मोट बांधावी लागली.

स्वातंत्र्यानंतर केंद्राने १९५४-५५ पासून मागास घटकांसाठी परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली. बाकीच्यांपुढे अडचण फीची नव्हती, परकीय चलनाची होती. साठच्या दशकात खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसलेल्यांच्या गोष्टी अनेक घरांत आहेत आणि त्या खऱ्या आहेत, कारण तेवढंच चलन नेता येत असे. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, ४.७६ रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला आणि ज्यांनी पै-पै जमवली होती त्यांचा हिशेब एका रात्रीत दीडपटीहून वर गेला. तिथल्या विद्यापीठाने शिक्षणशुल्क माफ करून विद्यावेतन दिलं तर जायचं, नाहीतर नाही. इथे मात्र १९५९ च्या सुमारास, द्विभाषिक राज्य असतानाच, वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांची फी माफ झाली. 'ईबीसी', म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास, हे नाव तिथूनच पुढे चालत आलं.

१९८३ साली राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं आणि घरच्या शिक्षणाला पहिल्यांदा बाजारभाव आला. डोनेशनविरोधी कायदा १९८७ चा. त्यापुढचा प्रवास न्यायालयांतून झाला: १९९३ च्या निकालात फुकट आणि पैसे भरून अशा निम्म्या-निम्म्या जागा, २००२ च्या निकालात संस्थांना मोकळीक, २००३ मध्ये फी ठरवणाऱ्या समित्या, आणि २००५ मध्ये, पुण्यातल्या एका संस्थाचालकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात, अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्के जागा. हे तपशील वाचकांना ठाऊक असतील. इथे मुद्दा एवढाच की इथल्या फीचा आकडा अधिकृत, छापील झाला. छापील आकड्यावर बँक कर्ज देते, डोनेशनवर देत नाही.

त्याच सुमारास चलनाचं कुलूपही निघालं. परकीय चलनाचा नवा कायदा १ जून २००० पासून लागू झाला. फेब्रुवारी २००४ पासून माणशी वर्षाला २५ हजार डॉलर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय पाठवता येऊ लागले. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. आणि एप्रिल २००१ मध्ये बँकांच्या संघटनेने बनवलेली आदर्श शिक्षणकर्ज योजना शाखाशाखांत पोचली. देशातल्या शिक्षणासाठी ७.५ लाख, परदेशासाठी १५ लाख. चार लाखांच्या वर पदरचे पैसे घालायचे ते देशात ५ टक्के, परदेशात १५ टक्के. अर्जावर दोन चौकटी आल्या, 'भारतात' आणि 'परदेशात'. आमच्या शाखेत त्या वर्षी अर्जांचा गठ्ठा आला तो छापील नव्हता, झेरॉक्स होता, आणि दुसरी चौकट कॉपीत अर्धी कापली गेली होती. कुणी तक्रार केली नाही. ती भरायला पहिली दोन वर्षं फारसं कुणी आलंच नाही.

खरा घोळ आहे तो 'विनातारण' या शब्दात. चार लाखांपर्यंत तारण नको, असं योजना म्हणाली. २००४ पासून चार ते साडेसात लाखांच्या टप्प्यात तिऱ्हाईत जामीन चालू लागला आणि साडेसातच्या वर मात्र प्रत्यक्ष मालमत्तेचं तारण. लोकांनी ऐकलं ते 'सरकार विनातारण कर्ज देतंय', आणि त्याचा अर्थ लावला की बापाचा संबंध नाही. संबंध होताच. आई किंवा वडील सह-कर्जदार असल्याशिवाय फाइल उघडतच नसे. विनातारण म्हणजे घर गहाण नाही एवढंच, सही गहाण आहेच.

आता हे टप्पे दोन चौकटींवर ठेवून पाहा. इथल्या चार वर्षांच्या अभियांत्रिकीचं कर्ज त्या काळी बहुतेक वेळा चार लाखांच्या आत बसायचं. परदेशातलं शिक्षण सहसा साडेसातच्या आत बसत नसे. म्हणजे कागदावर दोन वेगळ्या मर्यादा दिसत असल्या तरी व्यवहारात पहिली चौकट सहीवर मिळायची आणि दुसरी मालमत्तेवर. आणि मालमत्ता म्हणजे काय, इथेच माझ्यासारख्या ग्रामीण शाखेतल्या माणसाची जीभ कडू होते.

२००७ सालची गोष्ट. तासगावकडचे एक बागायतदार मुलाचा आय-ट्वेंटी, म्हणजे अमेरिकन विद्यापीठाचा प्रवेशाचा कागद, घेऊन आले. हवे होते १४ लाख. नायलॉनच्या पिशवीतून त्यांनी सातबारा, आठ-अ आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ असे तीन कागद काढले. चार एकर द्राक्षबाग, ठिबक, विहीर. घर गावठाणात, आजोबांच्या नावावर, तीन भावांत न वाटलेलं. म्हटलं, "अण्णा, यातलं एकही चालत नाही." ते म्हणाले, "साहेब, याच सातबाऱ्यावर तुमच्याच बँकेचा बोजा आहे की! पीककर्जाला चालतो, पोराला चालत नाही?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर तीन कायद्यांत विखुरलं आहे. थकीत कर्जासाठी न्यायालयात न जाता मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या कायद्याने दिला, पण त्यातून कलम ३१ ने शेतजमीन वगळली. ही तरतूद शेतकऱ्याच्या रक्षणासाठी आहे आणि ती नको असं कुणी म्हणणार नाही. पण तिचा परिणाम असा की शेतीबाहेरच्या कर्जाला बँका शेतजमिनीकडे पाहतच नाहीत. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला साधारणपणे शेतकरीच असावं लागतं, म्हणजे लिलाव झाला तरी गिऱ्हाईक मोजकं. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तर परवानगीचं वेगळंच प्रकरण. बिगरशेती करून घ्या, असं सांगणं सोपं असतं; मुलाचा व्हिसा ऑगस्टमध्ये असतो. आणि गावठाणातल्या घराचा नमुना आठ हा करआकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे.

शेवटी अण्णांच्या मेव्हण्याचा कोथरूडचा साडेपाचशे चौरस फुटांचा फ्लॅट तारण म्हणून आला. मेव्हणे सही करताना एक शब्द बोलले नाहीत. अण्णा पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाले, "चार एकरापेक्षा खोली मोठी निघाली." मुलगा गेला, नोकरीला लागला, कर्ज फिटलं. तसं सगळ्यांचंच झालं नाही, आणि ज्यांना मेव्हणा नव्हता ते अर्जाच्या गठ्ठ्यात आलेच नाहीत. त्यामुळे 'ग्रामीण मुलं परदेशाचा विचार करत नाहीत' हे वाक्य मी तरी हसूनच ऐकतो.

व्याजाचंही तसंच. शिक्षणाचा काळ आणि त्यापुढे वर्षभर हप्ता नाही. याला आम्ही मोरेटोरियम म्हणायचो, लोक 'सुट्टी' म्हणायचे. सुट्टीत व्याज थांबत नाही, सरळ व्याजाने साचतं आणि नंतर मुद्दलात मिसळतं. वीस लाख, १० टक्के, तीन वर्षं धरली तर सहा लाख व्याज; हप्ता बसतो सव्वीस लाखांवर, पंधरा वर्षांसाठी महिना सुमारे २८ हजार. सुट्टीतच व्याज भरत गेलं तर दरात एक टक्क्यापर्यंत सूट असे. ती घेणारे बहुतेक नोकरदार पालक होते, बागायतदार नव्हेत. २००९ साली केंद्राने साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी सुट्टीतलं व्याज स्वतः भरायचं ठरवलं, पण पहिल्याच चौकटीसाठी. दुसऱ्या चौकटीसाठी २०१३-१४ पासून अल्पसंख्याकांकरिता वेगळी योजना आली, ती २०२२-२३ पासून बंद झाली. करदात्यांचा पैसा बाहेर का घालवायचा, हा युक्तिवाद समजतो. मात्र आयकरात, जुनी करप्रणाली निवडली तर, व्याजाची वजावट दोन्ही चौकटींना मिळते, आणि ती अर्थातच कर भरणाऱ्यालाच मिळते.

घरच्या बाजूला शब्दांचा आणखी एक गुंता आहे. माफी, सवलत, प्रतिपूर्ती, शिष्यवृत्ती: एकाच पैशाला चार नावं. ईबीसीची उत्पन्नमर्यादा २०१६ साली ६ लाखांवर नेली, पुढे ८ लाखांवर. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ. पण 'फी' म्हणजे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क. वसतिगृह, मेस आणि 'इतर' या रकान्यातलं सगळं पालकांकडेच. सरकारकडून प्रतिपूर्ती उशिरा येते म्हणून काही कॉलेजं आधी भरा, मग परत घ्या म्हणतात, तेव्हा माफी मिळूनही कर्ज काढावं लागतं. तुलनेचे तक्ते करणारे हा भाग सहसा सोडून देतात.

बाहेरच्या बाजूचे आकडे गेल्या दहा वर्षांत वेगाने हलले. अमेरिकेत तंत्रज्ञान शाखांच्या पदवीधरांना शिकून झाल्यावर कामासाठी मिळणाऱ्या एका वर्षावरची मुदतवाढ २००८ मध्ये १७ महिने होती, २०१६ मध्ये २४ झाली. ही एकूण तीन वर्षं गृहीत धरूनच बँकेतर वित्तसंस्था तारणाशिवाय मोठी कर्जं देऊ लागल्या: घर नको, विद्यापीठाचं नाव आणि शाखा सांगा. व्याज जास्त, पण अण्णांसारख्यांना पहिल्यांदाच मेव्हण्याशिवाय दार उघडलं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं तेव्हा त्या गृहीतकालाच धक्का बसला. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर पहिल्यांदा नव्वदीपलीकडे गेला. ऑक्टोबर २०२० पासून बाहेर पाठवलेल्या रकमेवर उगमस्थानी करवसुली (टीसीएस) सुरू झाली. परत मिळते, पण वर्षभर अडकते. १ एप्रिल २०२५ पासून तिची सुरुवात ७ ऐवजी १० लाखांपुढे होते, आणि बँकेच्या कर्जातून पाठवलेल्या पैशावर ती उरली नाही. म्हणजे ठेव मोडून पाठवणाऱ्यापेक्षा कर्ज काढणारा या एका बाबतीत सुखी.

'फुकट' जर्मनीबद्दल थोडक्यात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही हे खरं. एका प्रांताने २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो लावले. पण व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात, साधारण बारा लाख. फी शून्य असली तरी कर्ज साडेसातच्या वर जातं, आणि पुन्हा तारण.

वैद्यकीयचा हिशेब उलटा आहे. इथल्या खासगी जागेपेक्षा बाहेरचा देश स्वस्त, म्हणूनच फेब्रुवारी २०२२ मध्ये हजारो मुलं युक्रेनमध्ये अडकली होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने निवडक ८६० संस्थांसाठी तारण आणि जामीन दोन्हींशिवाय कर्ज जाहीर केलं. ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. पुन्हा पहिली चौकट. परदेशी शिष्यवृत्तीच्या केंद्रीय नियमांतून तर २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज हे संशोधनविषयच काढून टाकले गेले. भारताचा अभ्यास करायचा तर भारतातच करा, असा त्याचा अर्थ निघतो.

आणि आता परदेशी विद्यापीठंच इकडे येत आहेत. २०२३ च्या नियमांनंतर काहींना नवी मुंबईसाठी इरादापत्रंही मिळाली आहेत. परवा माझ्या जुन्या शाखेतल्या एका सहकाऱ्याचा फोन आला. एक पालक असंच एक माहितीपत्रक घेऊन आले होते: पदवी परदेशी, फी रुपयांत, वर्ग नवी मुंबईत. "टिक कुठल्या चौकटीत करायची?"

मी विचारलं, "तारण काय आणलंय?"

"गावठाणातलं घर. ड्रोनने मोजलेल्या गावातलं आहे, मालकीची सरकारी सनद आहे हातात."

"मग टिक राहू दे बाजूला. आधी सनदेवर किती जणांची नावं आहेत ते बघ."