चार आण्यांपासून तेहेतीस टक्क्यांपर्यंत

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदी पात्र सोडून वाहिली. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूरच्या काठावरची उभी पिकं गेली, काही गटांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, तर मातीच उरली नाही. सरकारने मदत द्यावी का, हा वाद त्यानंतर पुन्हा निघाला. सोलापूर जिल्ह्यात तो फार जुना आहे आणि दरवेळी अडतो नुकसानीच्या मापावर.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार लुटवलं, ही कथा इथे घरोघरी ठाऊक आहे. त्यात धान्य वाटणं हा गुन्हा ठरतो. रयतेचा हक्क अजून कुठेच नाही.

१८७६-७७च्या दुष्काळात मदत मिळाली ती कामाच्या बदल्यात. मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव त्याच कामांतला. हिंदुस्थान सरकारने दुष्काळासाठी पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यावर आणली. खोदकाम करणाऱ्याचं त्यात पोट भरणं शक्यच नव्हतं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने हे गाऱ्हाणं सरकारपुढे मांडलं. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात काय करायचं याच्या नियमावल्या, आल्या आणि मदत हे सरकारचं कर्तव्य म्हणून कागदावर आलं.

शेतसाऱ्याचं माप आणेवारी: पूर्ण पीक सोळा आणे धरून त्यातलं किती आणे आलं ते. पीक चार आण्यांच्या आत आलं तर सारा तहकूब. पुढे आण्यांचे पैसे झाले आणि रेषा पन्नास पैशांवर आली, पण पैसेवारी गावाची निघते, शेताची नाही. नदीकाठचा गट बुडाला आणि माळावरची तूर तरली, की सरासरी पन्नासच्या वर जाते आणि बुडालेलाही सवलतीतून बाहेर पडतो.

१९७२ला पुन्हा कामच मिळालं: खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग, लेकरांना सुकडी. त्यातून रोजगार हमीचा १९७७चा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. मदतीसाठी हात पसरायचा नाही, काम मागायचं, ही महाराष्ट्राने देशाला दिलेली मोठी गोष्ट आहे.

पुराला मात्र ही वाट पुरत नाही. तिथे रोख भरपाई लागते. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर राज्य आपत्ती प्रतिसाद निधी आला. महाराष्ट्रासाठी त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के. नुकसानीची अट २०१५ साली ५० टक्क्यांवरून ३३वर आली आणि पंचनामा गटवार होऊ लागला. निकषाचा २०२५चा दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, दोन हेक्टरपर्यंत. कोरडवाहूचे एकरी ३,४०० रुपये झाले; तेवढ्यात बियाणं आणि खतसुद्धा पुरं होत नाही. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,०००, तेही फक्त अल्प-अत्यल्प भूधारकांना.

पीकविमा असताना मदत कशाला, असं विचारलं जातं. पण २०२५च्या खरिपात राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि स्थानिक आपत्तीचं, म्हणजे एकेका शेताच्या नुकसानीचं, संरक्षणही काढलं. उरली महसूल मंडळाची, म्हणजे काही गावांची मिळून केलेली नमुना पीककापणी, म्हणजे पुन्हा सरासरी. म्हणून ऑक्टोबरात सरकारला ३१,६२८ कोटींचं पॅकेज, तीन हेक्टरची मर्यादा आणि रब्बीसाठी हेक्टरी १०,००० जाहीर करावे लागले.

पंचनाम्यात क्षेत्र बरोबर असूनही पैसे अडतात ते सातबाऱ्यावर. वडील वारलेत आणि वारसनोंद राहिलीय, सामाईक खात्यातल्या पुण्याच्या भावाचं संमतीपत्र नाही, आधार बँकेला जोडलेलं नाही. अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक नसेल, तर यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, केल्याशिवाय रक्कम खात्यावर येत नाही.