ॲक्युपंक्चर क्लिनिक : पहिल्या भेटीत काय काय होतं

ॲक्युपंक्चर क्लिनिक म्हणजे शरीरावरच्या ठरलेल्या जागांवर बारीक सुया टोचून दुखण्यावर उपचार करतात ते ठिकाण. पद्धत मूळची चीनची, किमान दोन हजार वर्षं जुनी. आपल्याकडे लोक इथे बहुतेक वेळा बाकी सगळं करून झाल्यावर येतात, म्हणजे गोळ्या झाल्या, फिजिओ झाली, मालिश झालं, शेजारच्या काकूंनी सांगितलेला लेपही लावून झाला, आणि मग कंबर, मान, गुडघा, सायटिका, फ्रोझन शोल्डर नाहीतर मायग्रेन घेऊन दारात उभे राहतात. मनात भीती एकाच गोष्टीची, सुईची. म्हणून या नोंदीत सुईबद्दल जरा जास्त लिहिलंय.

आधी एक घोळ मिटवून टाकू. ॲक्युप्रेशर वेगळं, त्यात बोटाने किंवा लाकडी काडीने दाबतात, सुई नसते. फिजिओथेरपिस्ट करतात ते ड्राय नीडलिंगही वेगळं, सुई तशीच असते पण ती आखडलेल्या स्नायूच्या गाठीत घालतात, चिनी नाड्यांचा, म्हणजे शरीरात शक्ती वाहते असं मानलेल्या मार्गांचा, नकाशा तिथे वापरत नाहीत. अपॉइंटमेंट घेताना यातलं नक्की काय करतात ते सरळ विचारावं.

भारतात ही पद्धत आली त्यात महाराष्ट्राचा धागा आहे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला जे पाच भारतीय डॉक्टर गेले त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजॉय कुमार बसू. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले, वय अवघं ३२. बसू परत आले, पुढे पन्नाशीच्या दशकात पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. म्हणूनच कोटणीस स्वतः सर्जन असूनही त्यांचं नाव भारतातल्या ॲक्युपंक्चरशी कायमचं जोडलं गेलंय, लुधियानाचं ॲक्युपंक्चर हॉस्पिटल त्यांच्याच नावाचं आहे. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ सालचा वेगळा कायदा आहे आणि त्याखाली राज्याची ॲक्युपंक्चर कौन्सिल आहे. तेव्हा क्लिनिकमध्ये गेल्यावर भिंतीवर कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट आहे का ते बघावं, दिसलं नाही तर विचारावं, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

जाताना रिकाम्या पोटी जाऊ नये. चतुर्थीचा किंवा एकादशीचा उपास असेल तर दुसरा दिवस घ्या, कारण उपाशी माणसाला सुया लावल्यावर चक्कर यायची शक्यता जास्त असते. तट्ट जेवूनही जाऊ नये, तासभर आधी हलकं काहीतरी खाल्लेलं बरं. कपडे सैल हवेत, पायजमा किंवा सलवार गुडघ्याच्या वर आणि बाही कोपराच्या वर सहज जायला हवी, कारण दुखणं कंबरेचं असलं तरी सुया गुडघ्याखाली, पोटरीत आणि हातावर पण लागतात. पान खाऊन किंवा जीभ खरवडून जाऊ नये, तिथे जीभ बघतात. जुने रिपोर्ट, एक्स-रे, एमआरआय आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी.

पहिल्या भेटीचा मोठा भाग बोलण्यात जातो आणि नवीन माणसाला याचंच आश्चर्य वाटतं. गुडघा दाखवायला गेलेल्या बाईंना झोप कशी लागते, पोट साफ होतं का, पाळी नियमित आहे का, थंडी जास्त सोसत नाही की उकाडा, असं सगळं विचारतात. मग जीभ बघतात, तिचा रंग, तिच्यावरचा थर, कडेला दातांचे ठसे आहेत का. दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून नाडी बघतात, त्याला एखादं मिनिट सहज लागतं. चिनी शास्त्राच्या हिशोबात शरीरात 'ची' नावाची शक्ती १४ मुख्य नाड्यांमधून (मनगटाची नाडी नव्हे, तेच मघाचे मार्ग) वाहते आणि ती अडली की दुखणं होतं. ही शक्ती किंवा या नाड्या आधुनिक शरीरशास्त्रात कुठे सापडलेल्या नाहीत. पण म्हणून विचारपूस वाया जाते असं मुळीच नाही, पंधरा वीस मिनिटं कुणीतरी नीट ऐकून घेतंय हे दुखण्याने बेजार झालेल्या माणसासाठी फार मोठं असतं, आणि ज्या क्लिनिकमध्ये काही न विचारता थेट टेबलावर झोपवतात तिथे मी तरी कुणाला पाठवणार नाही.

आता सुई. इंजेक्शनची सुई पोकळ असते, औषध आत जायचं असतं म्हणून ती जाड असते. ही भरीव असते, स्टेनलेस स्टीलची, साधारण ०.२५ मिलिमीटर जाडीची, म्हणजे नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईच्या निम्म्याहून कमी. सीलबंद पाकिटातून तुमच्या समोर निघायला हवी आणि एकदाच वापरायची असते. बरेच जण ती प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून लावतात, नळी कातडीवर टेकवायची, वर आलेल्या टोकावर बोटाने टिचकी मारायची, नळी काढून घ्यायची आणि मग सुई हवी तेवढी आत सरकवायची. टिचकीच्या वेळी डास चावल्यासारखं होतं किंवा काहीच कळत नाही. कपाळावर आणि डोक्यावर ती जवळजवळ आडवी, जेमतेम आत जाते, ढुंगणाच्या जाड स्नायूत दोन इंचही जाऊ शकते. त्यानंतर ते सुई हलकेच फिरवतात आणि मग जे जाणवतं ते टोचण्यासारखं नसतं, जागा जड होते, आतून ठणकल्यासारखं होतं, कधी झिणझिण्या पायाच्या बोटापर्यंत जातात. ही जाणीव यावी अशीच त्यांची अपेक्षा असते. पण चटका बसल्यासारखी तीक्ष्ण कळ आली तर गप्प सोसायचं नाही, लगेच सांगायचं, ते सुई मागे घेतात.

एका वेळी साधारण पाच ते वीस सुया लागतात. अंगठा आणि तर्जनीच्या मधली जागा, मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटं वर, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आणि नडगीच्या जरा बाहेर, या नेहमीच्या. मग वीस-तीस मिनिटं तसंच पडून राहायचं, फोन बाजूला, हालचाल नाही. बऱ्याच जणांना इथे गाढ झोप लागते. काही ठिकाणी सुयांना छोट्या मशीनच्या वायरी चिमट्याने लावतात आणि हलका करंट सोडतात, स्नायू टक टक उडतो, करंट सोसेल एवढाच ठेवायला सांगावं. कधी मोक्सा म्हणजे दवण्याच्या कुळातल्या वनस्पतीची वळलेली कांडी पेटवून कातडीजवळ शेक देतात, तिचा धूर उग्र असतो, दमा असेल तर आधीच सांगा. आणि कपिंग, म्हणजे कातडीवर पेले चिकटवून ती आत ओढून घेणं, तर आपल्याला नवीन नाही, आपल्याकडे तुंबडी लावायचे तोच प्रकार, त्याचे गोल काळपट डाग आठवडाभर राहू शकतात.

सुया काढताना जवळजवळ काहीच कळत नाही, एखाद्या ठिकाणी रक्ताचा थेंब येतो, कापूस दाबून धरला की थांबतो. लावलेल्या आणि काढलेल्या सुया मोजतात का ते बघा, मोजायला हव्यात, केसात एखादी सहज राहून जाते. वापरलेल्या सुया जाड पांढऱ्या डब्यात जायला हव्यात, टोकदार कचऱ्यासाठी नियमाने तोच डबा ठरलेला आहे. उठताना सावकाश उठायचं, पाच दहा मिनिटं बसायचं आणि मगच स्कूटर काढायची. त्या दिवशी सुस्ती येणं, लावलेली जागा थोडी दुखणं, एखादा काळा निळा डाग पडणं हे चालतं. पण छाती, खांदा किंवा पाठीच्या वरच्या भागात सुया लावल्यानंतर दम लागला किंवा श्वास घेताना छातीत दुखलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, फुप्फुसाला सुई लागणं फार क्वचित होतं पण होतं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पेसमेकर असेल, गरोदर असाल तर हे विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगायचं. पेसमेकर असेल तर करंट लावत नाहीत आणि गरोदरपणात काही जागा टाळतात.

फायदा होतो का, तर दुखण्यात बऱ्याच जणांना होतो, पण त्याचं श्रेय नक्की कशाला द्यायचं हा वाद मिटलेला नाही. जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या ११६२ पेशंटवर मोठा अभ्यास झाला, २००७ मध्ये छापून आला. खऱ्या जागांवर सुया लावलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना सहा महिन्यांनी चांगला फरक होता, मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि नेहमीचे औषध-व्यायाम घेतलेल्यांपैकी २७ टक्क्यांना. म्हणजे उपचाराचा उपयोग दिसला, पण जागेच्या नकाशाचा फारसा नाही. इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर नको म्हटलं आणि २०२१ मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी मात्र ते चालेल म्हटलं. कॅन्सर, डायबेटिस, थायरॉइड सुयांनी बरं करतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठून यावं. बीपीची, शुगरची गोळी ॲक्युपंक्चरवाल्यांच्या सांगण्यावरून बंद करू नये, आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तर नाहीच.

एका सिटिंगमध्ये चमत्कार होत नाही, आठवड्याला एक किंवा दोन असे सहा ते दहा सिटिंग बहुतेक ठिकाणी सांगतात. दर वेळी जायच्या आधी दुखणं दहापैकी किती, रात्री किती वेळा जाग आली, जिने किती चढता आले एवढं वहीत लिहून ठेवावं, म्हणजे पाच सहा सिटिंगनंतर फरक आहे की नाही ते अंदाजाने ठरवावं लागत नाही. पूर्ण पॅकेजचे पैसे आधी भरा म्हणत असतील तर सुरुवातीला दोन तीन सिटिंगचेच देतो असं सांगावं, चांगले लोक त्याला नाही म्हणत नाहीत.