व्हीपीएन जोडला जातो, पण काम का होत नाही?

लॅपटॉपच्या कोपऱ्यात व्हीपीएनची, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत जाणाऱ्या सुरक्षित वाटेची, ‘कनेक्टेड’ अशी हिरवी खूण दिसते, पण ऑफिसच्या सर्व्हरवरचे फोल्डर उघडत नाही. किंवा उघडते, फाइलींची नावेही दिसतात, आणि एखाद्या फाइलवर क्लिक केले की चक्र फिरतच राहते. मार्च २०२० नंतर घरून काम करू लागलेल्या असंख्य लोकांना हा अनुभव आला आहे. ऑफिसचा आयटीवाला राउटर बंद करून चालू करायला सांगतो. ब्रॉडबँडवाला म्हणतो, ‘आमच्याकडून लाइन ओके आहे.’ दोघेही खरेच बोलत असतात. बिघाड बहुतेक वेळा दोघांच्या मधल्या जागेत असतो, आणि लक्षणे नीट पाहिली तर तो कुठे आहे हे बऱ्यापैकी नेमके ओळखता येते. त्यासाठी आपला राउटर आत काय करतो, एवढे मात्र समजून घ्यावे लागते.

इंटरनेटच्या जुन्या, म्हणजे आयपीव्ही४ पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असतो. असे पत्ते साधारण ४३० कोटी होतात. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच दिसू लागले, आणि मे १९९४ मध्ये ‘नॅट’ (नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजे वाटेत पत्ता बदलणे) ही कल्पना तात्पुरता उपाय म्हणून मांडली गेली. आज ती जवळपास प्रत्येक घरात आहे. राउटर इथे सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा वागतो. आतून निघालेल्या प्रत्येक पॅकेटवरचा (डेटाच्या छोट्या पुडक्यावरचा) घरातला पत्ता (बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा) पुसतो, त्या जागी बाहेरचा एकच सामाईक पत्ता लिहितो, आणि कोणत्या फ्लॅटमधून काय गेले ते वहीत टिपतो. उत्तर आले की वही बघून ते योग्य फ्लॅटकडे पाठवतो. वहीतल्या नोंदी ओळखायच्या त्या पोर्ट क्रमांकावरून, म्हणजे पत्त्याला जोडून येणाऱ्या, संभाषण ओळखण्याच्या आकड्यावरून.

व्हीपीएनचा हेतू याच्या नेमका उलट आहे. वाटेत कुणी डेटा वाचू नये आणि त्यातला एक बिटही बदलू नये, म्हणून तो सगळे कुलूपबंद करतो आणि वर मोहोर लावतो. राउटरचे तर कामच पॅकेटमध्ये बदल करण्याचे. घरच्या व्हीपीएनच्या बहुतेक तक्रारी या विरोधातून जन्मतात.

पीपीटीपी या व्हीपीएनच्या जुन्या पद्धतीत हा विरोध उघड दिसतो. तिची बोलणी टीसीपी या नेहमीच्या प्रोटोकॉलच्या (डेटा पाठवण्याच्या नियमांच्या) १७२३ या पोर्टवर होतात, पण प्रत्यक्ष डेटा जीआरई नावाच्या वेगळ्याच प्रोटोकॉलमधून जातो आणि त्याला पोर्टच नसतो. मग वहीत नोंद कशी करायची? म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये ‘व्हीपीएन पासथ्रू’ नावाची खूण आली. ती चालू केली की राउटर पॅकेटच्या आत डोकावून जोडणी ओळखण्याचा ‘कॉल क्रमांक’ शोधतो. एका घरातल्या दोघांनी एकाच ऑफिसला जोडायचा प्रयत्न केला की दुसऱ्याची जोडणी लागत नाही किंवा पहिल्याची तुटते, हा अनुभव जुन्या राउटरवर यायचा तो पोर्ट नसल्यामुळेच. पण पीपीटीपी दुरुस्त करत बसूच नका. तिची पासवर्ड तपासण्याची पद्धत फोडता येते हे २०१२ मध्ये सिद्ध झाले, आणि २०१६ मध्ये ॲपलने आपल्या फोन आणि संगणकांतून ती काढूनही टाकली. तुमच्या ऑफिसात अजून पीपीटीपी चालू असेल तर ती बदलणे हीच खरी दुरुस्ती.

आयपीसेक ही व्हीपीएनची दुसरी पद्धत. तिच्या कर्त्यांनी या कोंडीतून जी वाट काढली ती मला फार आवडते. जानेवारी २००५ मध्ये ती वाट प्रमाणित झाली. बोलणी सुरू होताना दोन्ही टोके आपापल्या पत्त्याचा आणि पोर्टचा एक गणिती ठसा काढून समोरच्याला पाठवतात. समोरचा तोच ठसा पॅकेटवर प्रत्यक्ष दिसणाऱ्या पत्त्यावरून काढून बघतो. दोन्ही जुळले नाहीत, तर मध्ये कुणीतरी पत्ता बदलणारा बसला आहे हे सिद्ध होते. मग दोघे मिळून ठरवतात की इथून पुढे सगळे यूडीपी या साध्या प्रोटोकॉलच्या पाकिटात घालून ४५०० या पोर्टवरून पाठवायचे. पाकिटावर पोर्ट आहे म्हटल्यावर राउटरही खूश, आणि आतली मोहोर शाबूत. याचा व्यवहारातला अर्थ असा: सुरुवात ५०० पोर्टवर होते आणि पुढचा प्रवास ४५०० वर. हॉटेल किंवा कॉलेजच्या फायरवॉलने (नको ती ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेने) पहिले पोर्ट उघडे ठेवून दुसरे बंद केले असेल, तर जोडणी अर्ध्यावर येऊन थांबते. लोक मग पासवर्ड बदलत बसतात, आणि पासवर्डचा इथे काहीच संबंध नसतो.

काहीही उघडझाक करण्याआधी एक चाचणी कराच. घरचे वायफाय बंद करा, लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडा आणि तोच व्हीपीएन लावून पाहा. हॉटस्पॉटवर चालला तर ऑफिसचा सर्व्हर, तुमचा पासवर्ड आणि लॅपटॉपवरची सेटिंग तिन्ही ठीक आहेत, आणि शोध घरच्या राउटरपासून ब्रॉडबँडच्या लाइनपर्यंत मर्यादित होतो. तिथेही नाही चालला तर राउटरला हात लावू नका. जानेवारी २०२२ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने एल२टीपी प्रकारचे व्हीपीएन बंद पाडले होते आणि मायक्रोसॉफ्टला काही दिवसांत तातडीची दुरुस्ती काढावी लागली होती. तेव्हा राउटर कितीही वेळा रीस्टार्ट केला असता तरी फरक पडला नसता.

आता लक्षणांकडे वळू. जोडणी लागते, काम होते, पण चहा पिऊन परत आलात की ती मेलेली असते. हा वहीतल्या नोंदीचा प्रश्न आहे. यूडीपीमध्ये ‘संभाषण संपले’ असे सांगण्याची सोयच नाही, म्हणून थोडा वेळ शांतता दिसली की राउटर नोंद खोडून टाकतो. ती किमान दोन मिनिटे ठेवावी अशी शिफारस २००७ पासून आहे, तरी अर्ध्या मिनिटात विसरणारे राउटर बाजारात आहेत. नोंद गेली की ऑफिसकडून आलेले पॅकेट कुणाचे ते राउटरला कळत नाही आणि तो ते टाकून देतो. उपाय सोपा आहे: दर काही सेकंदांनी एक छोटे पॅकेट पाठवून नोंद जिवंत ठेवायची. वायरगार्ड या नव्या व्हीपीएन प्रोटोकॉलमध्ये त्यासाठी ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ ही सेटिंग असते आणि तिथे २५ सेकंद लिहिण्याची शिफारस आहे. ती आपोआप चालू नसते, हे लक्षात ठेवा.

वायरगार्डबद्दल आणखी एक. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत आलेला हा प्रोटोकॉल अनोळखी पॅकेटला उत्तरच देत नाही. सुरक्षेसाठी हे उत्तम, पण चुकीची किल्ली आणि बंद पोर्ट या दोन्ही दोषांत बाहेरून सारखीच शांतता दिसते. ॲपमध्ये ‘लेटेस्ट हँडशेक’ची (दोन्ही टोकांनी एकमेकांना शेवटचे ओळखल्याची) वेळ येते की नाही, एवढाच भरवशाचा पुरावा.

सगळ्यात फसवे लक्षण म्हणजे सुरुवातीला दिलेले: लॉगिन होते, नावे दिसतात, फाइल उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप जोडला जातो आणि पडदा काळाच राहतो. इथे छोटी पॅकेट पोहोचत असतात आणि मोठी वाटेत हरवत असतात. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल मर्यादा १५०० बाइट. यालाच एमटीयू म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्या पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणाऱ्या) पद्धतीच्या असतात. ही पद्धत स्वतःसाठी ८ बाइट घेते, उरतात १४९२. त्यावर व्हीपीएनचे वेष्टन. वायरगार्ड आयपीव्ही४ वरून जात असेल तर ६० बाइट खातो, नव्या आयपीव्ही६ वरून असेल तर ८०. म्हणजे आतल्या मालासाठी पहिल्या बाबतीत १४३२ बाइट उरतात आणि दुसऱ्या बाबतीत १४१२. वायरगार्ड सहसा १४२० हा आकडा धरून चालतो. एकीकडे १४२० आरामात बसतो, दुसरीकडे आठ बाइटांनी अडतो. तोच लॅपटॉप, तेच ऑफिस, आणि एका घरात चालते, दुसऱ्या घरात नाही!

खरे तर हे आपोआप सुटायला हवे. पॅकेट मोठे असेल आणि त्यावर ‘तुकडे करू नका’ अशी सूचना असेल, तर वाटेतल्या राउटरने ते टाकून द्यायचे आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपी (नेटवर्कमधली अडचण कळवणारा) निरोप धाडायचा की माझ्याकडे एवढेच मावते. ही योजना १९९० पासून आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली अनेकांनी सगळे आयसीएमपी निरोप सरसकट बंद करून ठेवले. निरोप पोहोचत नाही, पाठवणारा तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. पडद्यावर आपल्याला फक्त फिरते चक्र दिसते. सरसकट आयसीएमपी बंद करणे ही सुरक्षा नव्हे, हे नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगतो.

हे स्वतः तपासता येते. व्हीपीएन बंद ठेवून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एखाद्या बाहेरच्या पत्त्याला पिंग (उत्तर येते का ते पाहणारी चाचणी) करा, आणि त्यात तुकडे न करण्याचा ‘एफ’ आणि आकाराचा ‘एल’ हे पर्याय लावा. आकार १४७२ द्या. पिंगचे स्वतःचे शीर्षलेख २८ बाइटांचे, म्हणजे एकूण बरोबर १५००. पॅकेट मोठे आहे अशी तक्रार आली तर १४६४ करून पाहा. १४६४ जाते आणि १४६५ अडते, म्हणजे तुमची लाइन १४९२ ची, बहुधा पीपीपीओई. आता व्हीपीएन लावा आणि ऑफिसच्या सर्व्हरला अशीच पिंग करा. वायरगार्डचा १४२० चा आकडा असेल तर १३९२ पर्यंत उत्तर यायला हवे. १३०० ला उत्तर येते आणि १३९२ ला नुसताच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, तर चोर सापडला. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये एमटीयू १३८० करा, भागले नाही तर १२८०. त्याखाली जाऊ नका, कारण आयपीव्ही६ ला किमान १२८० लागतात. ऑफिसच्या राउटरमध्ये ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ची (पॅकेटचा आकार आधीच मर्यादित ठेवण्याची) सोय असेल तर ती चालू केल्याने सगळ्यांचाच प्रश्न एका जागी सुटतो.

दुसरा नेहमीचा घोटाळा पत्त्यांच्या टकरीचा. घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१, ऑफिसच्याही राउटरचा तोच, कारण दोन्हीकडे कारखान्यातून आलेली सेटिंग कुणी बदललेली नाही. ऑफिसचा टॅलीचा सर्व्हर १९२.१६८.१.१० वर आहे, आणि तुमच्या लॅपटॉपला वाटते हा तर घरातलाच पत्ता. तो पॅकेट व्हीपीएनमध्ये न घालता घरातल्याच वायफायवर शोधत बसतो, आणि त्या पत्त्यावर घरचा प्रिंटर असेल तर तो उत्तरही देतो! फोनच्या हॉटस्पॉटवर पत्ते वेगळे असतात (आयफोनवर १७२.२०.१० ने सुरू होणारे), म्हणून तिथे सगळे सुरळीत चालते. घरचा पत्तासमूह १९२.१६८.७३ असा काहीतरी आडवाटेचा करून टाका. ऑफिसचे नेटवर्क नव्याने उभारणाऱ्यांनी तर ० आणि १ वाले समूह पहिल्या दिवसापासून टाळावेत. शंभर माणसे रुजू झाल्यावर पत्ते बदलणे फार महाग पडते.

सर्व्हर आकड्यांच्या पत्त्याने उघडतो पण नावाने नाही, तर तो डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा दोष. ऑफिसमधली अंतर्गत नावे घरच्या ब्रॉडबँडच्या डीएनएसला माहीत नसतात, म्हणून व्हीपीएनने ऑफिसचा डीएनएस लावून द्यायला हवा.

व्हीपीएन राउटरवरच बसवला असेल तर वीज जाणे हेही कारण ठरू शकते. बहुतेक स्वस्त राउटरमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज परत आली की तो कुठल्यातरी जुन्या तारखेला जागा होतो. डिजिटल प्रमाणपत्रावर चालणाऱ्या व्हीपीएनला मग प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही असे वाटते. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो, आणि आधीच्यापेक्षा जुना शिक्का दिसला की समोरचा तो नाकारतो, कारण कुणी जुने पॅकेट चोरून पुन्हा पाठवत असेल. घड्याळ इंटरनेटवरून जुळले की सगळे आपोआप सुरू होते. पण सगळी वाहतूक व्हीपीएनमधूनच जावी असे ठरवले असेल तर पेच पडतो: घड्याळ जुळायला व्हीपीएन हवा आणि व्हीपीएन लागायला घड्याळ. वेळ देणाऱ्या सर्व्हरला व्हीपीएनच्या बाहेरून वाट ठेवणे हा त्यावरचा इलाज.

शेवटी छोट्या ऑफिसांचा प्रश्न, म्हणजे जिथे व्हीपीएनचा सर्व्हर ऑफिसातच आहे. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेले पॅकेट ठरावीक संगणकाकडे पाठवण्याची सोय) नीट केले, फायरवॉल उघडली, तरी बाहेरून एकही पॅकेट येत नाही. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ (राउटरचा बाहेरचा पत्ता) काय दाखवतो ते पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, किंवा आपला पत्ता दाखवणाऱ्या संकेतस्थळावर वेगळाच आकडा दिसत असेल, तर ब्रॉडबँड कंपनीनेही तिच्या बाजूला एक नॅट बसवला आहे. आशियासाठीचे आयपीव्ही४ पत्ते एप्रिल २०११ मध्येच जवळपास संपले, त्यामुळे अनेक ग्राहकांत एक पत्ता वाटला जातो. या दुसऱ्या वहीत तुम्हाला नोंद करता येत नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी (न बदलणारा स्वतंत्र पत्ता) मागा. तो मिळत नसेल तर बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्या आणि ऑफिस व घर दोघांनाही आतून बाहेर त्याच्याकडे जोडू द्या. आतून सुरू झालेल्या संभाषणाला दोन्ही नॅट वाट देतात.