बनहिल फील्ड्स: भाड्याच्या जमिनीवरची मोकळी दफनभूमी

सतराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन बन्यन याचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हे पुस्तक मराठीत 1841 साली आलं. हरी केशवजींनी त्याचं 'यात्रिकक्रमण' केलं. मराठी ख्रिस्ती घरांतल्या जुन्या वाचकांना बन्यन परका नाही, पण तो पुरला कुठं हे फार जणांना ठाऊक नसतं. त्याची कबर लंडनच्या सिटी रोडवर, बनहिल फील्ड्समध्ये आहे. इंग्लंडच्या राजमान्य चर्चमधून बाहेर पडलेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी, म्हणजे बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन अशा लोकांनी, जवळपास दोनशे वर्षं आपली माणसं इथं पुरली. जागा अवघी चार एकर. दफनं सुमारे 1 लाख 23 हजार.

वेगळी दफनभूमी लागली ती कायद्यामुळे. 1662 च्या एकरूपता कायद्यानं प्रत्येक पाळकावर राजमान्य चर्चचं प्रार्थनापुस्तक मान्य करण्याची सक्ती केली. त्या काळात दोन हजारांच्या आसपास पाळकांची पदं गेली. त्यांच्या मंडळ्यांना उपासनेसाठी जागा शोधणं कठीण होतंच, पण मरणानंतरचा प्रश्न त्याहून अवघड होता. पॅरिशच्या, म्हणजे राजमान्य चर्चच्या स्थानिक विभागाच्या, आवारात दफन करायचं तर विधी पॅरिशच्याच धर्मगुरूनं करायचा, तोही त्याच प्रार्थनापुस्तकातून. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याच्यासाठी हा विधी करू नये, अशी सूचना पुस्तकातच छापलेली होती. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. त्यामुळे त्यांच्या घरात मूल गेलं तर त्याच्या कबरीशी प्रार्थना म्हणायलाही पॅरिशमध्ये वाव नव्हता. आपल्या पाळकाकडून आपल्या रीतीनं विधी करून घेण्याचा हक्क पॅरिशच्या आवारात मिळायला 1880 साल उजाडावं लागलं.

बनहिलची सुरुवात मात्र कुठल्याही मंडळीनं केली नाही. 1665 च्या प्लेगमध्ये मृतांसाठी जागा हवी म्हणून लंडन शहराच्या कॉर्पोरेशननं या मोकळ्या जमिनीभोवती विटांची भिंत घातली. पुढं टिंडल नावाच्या भाडेकरूनं ती घेतली आणि पैसे घेऊन दफनाला देऊ लागला. ही माती बिशपनं विधिपूर्वक पवित्र केलेली नव्हती, म्हणून इथं पॅरिशच्या धर्मगुरूचा अधिकार चालत नव्हता. कोणता पाळक यावा, काय वाचावं, काहीच न वाचता नुसतं उभं राहावं का, हे मृताच्या माणसांनी ठरवायचं. ज्यांना हयातीत ही मोकळीक मिळाली नाही त्यांना ती किमान इथं मिळाली, आणि माझ्या दृष्टीनं या जागेचं मोल त्यातच आहे. धर्मोपदेश केला म्हणून बन्यननं बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं काढली होती. 1688 मध्ये लंडनमध्ये त्याला मरण आलं, तेव्हा एका स्नेह्याच्या कबरीत त्याला इथंच ठेवलं.

जमिनीचा मूळ मालक कोण, हे कळल्यावर नवल वाटतं. फिन्सबरीचं हे वतन सेंट पॉल कॅथीड्रलचं, म्हणजे त्याच राजमान्य चर्चचं. कॉर्पोरेशन तिथून जमीन भाड्यानं घेई आणि पुढं पोटभाडेकरूला देई. 1769 मध्ये कायदा करून भाडेपट्टा 99 वर्षांसाठी वाढवला गेला आणि 1781 पासून कॉर्पोरेशननं दफनभूमीचा कारभार स्वतःच्या हातात घेतला.

कारभाराचा कणा म्हणजे दफन नोंदवही. 1713 पासूनच्या नोंदी टिकून आहेत. कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेकची 1827 ची नोंद पाहा: नाव, राहण्याचं ठिकाण, खोली नऊ फूट, पूर्व-पश्चिम 77, उत्तर-दक्षिण 32, खर्च 19 शिलिंग. अख्खं मैदान असं आकड्यांच्या चौकटीत मांडलेलं होतं. ब्लेकची कबर सामायिक होती, खाली-वर इतरांच्या शवपेट्या. त्याचे आईवडील इथंच पुरले होते म्हणून त्यालाही इथंच यायचं होतं, मात्र विधी त्यानं राजमान्य चर्चच्या पद्धतीचा मागितला होता, आणि तसाच तो झाला. मोकळीक दोन्ही बाजूंनी होती.

थडग्यांवरचे लेख वाचायला वेळ द्यावा असे आहेत. 1728 मध्ये वारलेल्या डेम मेरी पेजच्या दगडावर कोरलंय की 67 महिन्यांत 66 वेळा तिच्या पोटातलं पाणी काढलं, एकूण 240 गॅलन, आणि तिनं कधी कुरकुर केली नाही. संभाव्यतेचं सूत्र मांडणारा थॉमस बेझ, स्तोत्रकार आयझॅक वॉट्स, 'रॉबिन्सन क्रूसो'चा लेखक डॅनियल डिफो हे सगळे इथलेच. सुझॅना वेस्लीही इथंच आहे. तिचा मुलगा, मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली, मात्र शेवटपर्यंत राजमान्य चर्चचाच राहिला आणि रस्त्यापलीकडं, आपल्या चॅपलमागं पुरला गेला.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या दफनभूम्या तुंबल्या. नव्या दफन कायद्यानंतर बनहिल बंद झालं, शेवटचं दफन जानेवारी 1854 मध्ये. तोवर उत्तर लंडनमधल्या स्टोक न्यूइंग्टनला 1840 मध्ये उघडलेली ॲबनी पार्क दफनभूमी या मंडळ्यांच्या हाताशी आली होती. पण भाडेपट्टा 1867 मध्ये संपणार होता आणि जमीन पुन्हा चर्चच्या आयुक्तांकडं जाणार होती. तिथं बांधकाम होईल या भीतीनं लोकांनी आवाज उठवला. त्याच वर्षी संसदेनं कायदा करून जागा कॉर्पोरेशनकडं ठेवली, सार्वजनिक मोकळी जागा म्हणून. 1869 मध्ये ती सर्वांना खुली झाली. पुढच्याच वर्षी एका ख्रिस्ती वृत्तपत्राच्या हाकेला ओ देऊन मुलामुलींनी पैसे जमवले आणि डिफोचा उंच स्तंभ उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धात बाँबनी बरीच पडझड झाली. 1960 च्या दशकात उत्तरेकडचा भाग साफ करून हिरवळ केली आणि दक्षिणेकडची थडगी कठड्यांआड ठेवली. या उलथापालथीत ब्लेकचा दगड त्याच्या कबरीवरून दूर गेला. नोंदवहीतल्या त्या 77 आणि 32 या आकड्यांवरून एका पोर्तुगीज दांपत्यानं पुढं मूळ जागा शोधून काढली. 2018 च्या ऑगस्टमध्ये तिथं नवा दगड बसवला गेला. देखभाल आजही लंडन शहराचं कॉर्पोरेशनच करतं.